तेलविहिरीतील सिमेंटची स्थिरता आणि गावची विंधन विहीर

हिंगोली जिल्ह्यात खनिज तेलाचे क्षेत्र नाही. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या या जिल्ह्याची भूमी मुख्यत्वे काळ्या बेसॉल्ट खडकाची आहे आणि भूगर्भातून येथे वर आणले जाते ते केवळ पाणी. तथापि जमिनीत अरुंद छिद्र पाडावयाचे, त्यात नळी उतरवावयाची आणि खोलवरचा द्रव वर आणावयाचा, हे काम तेलविहिरीत आणि विंधन विहिरीत सारखेच असते. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेस असलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील विहीर काय किंवा सेनगाव, कळमनुरी तालुक्यांतील गावची विंधन विहीर काय, दोन्ही ठिकाणी एक प्रश्न उभा राहतो. नळी आणि खडक यांच्यामध्ये राहिलेली पोकळी कशी बंद करावयाची?

तेल-उद्योगाने या प्रश्नाचा शंभर वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला आहे. त्यातून सिमेंटची स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट, स्थिर राखण्याचे एक स्वतंत्र शास्त्र निर्माण झाले. या शास्त्राचा परिचय करून घेणे विंधन विहिरीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या प्रदेशासही उपयुक्त आहे.

नळीमागील पोकळी

तेलविहीर टप्प्याटप्प्याने खोदली जाते. प्रत्येक टप्प्यानंतर छिद्रात पोलादी नळी, म्हणजे केसिंग, उतरविण्यात येते. नळीचा बाहेरचा व्यास छिद्राच्या व्यासापेक्षा कमी असल्याने तिच्याभोवती वलयाकार पोकळी शिल्लक राहते. ही पोकळी तशीच ठेवल्यास एका थरातील पाणी, वायू किंवा तेल तिच्यातून दुसऱ्या थरात शिरते. म्हणून ती सिमेंटने भरून काढावी लागते.

या पद्धतीचा प्रारंभ पाण्यामुळेच झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९०३ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लोम्पॉक येथील एका तेलविहिरीत वरच्या थरातील पाणी शिरू लागले. ते अडविण्यासाठी फ्रँक हिल यांनी ५० पोती सिमेंट कालवून विहिरीच्या तळाशी सोडले. सिमेंट घट्ट झाल्यावर ते भेदून पुढे खोदकाम करण्यात आले आणि पाणी थांबले. पुढे १९१० च्या सुमारास स्लरीच्या पुढे व मागे अडसर ठेवून ती नळीतून खाली ढकलण्याची पद्धत रूढ झाली. आजही मूळ रीत तीच आहे. स्लरी नळीतून खाली जाते, नळीच्या तोंडाशी वळते आणि बाहेरच्या पोकळीतून वर चढते. तेथेच ती घट्ट होते.

हे सर्व काम डोळ्यांआड होते. इमारतीचा स्लॅब बिघडला तर तो दिसतो, तोडून पुन्हा घालता येतो. नळीमागे दोन-तीन किलोमीटर खोलीवर बिघडलेले सिमेंट दिसत नाही. त्याची दुरुस्ती नळीला भोके पाडून, पुन्हा दाबाने सिमेंट भरून करावी लागते. ते काम खर्चाचे असून त्याच्या यशाची हमी नसते. त्यामुळे स्लरी विहिरीत सोडण्यापूर्वीच ती कशी वागेल हे जाणून घेण्यावर या शास्त्राचा सारा भर आहे.

निवळणे : घरात गुण, विहिरीत दोष

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी भांड्यात भरून ठेवले की काही वेळाने गाळ तळाशी बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहते. तुरटी फिरविली असता बारीक कण एकमेकांस चिकटून मोठे होतात आणि ही क्रिया शीघ्र होते. घरात निवळणे हा पाण्याचा गुण मानला जातो. सिमेंटच्या स्लरीत मात्र हाच मोठा दोष ठरतो.

सिमेंटच्या कणाची घनता पाण्याच्या सुमारे ३.१५ पट असते. द्रवात बुडणाऱ्या लहान कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असा स्टोक्स या शास्त्रज्ञाचा नियम आहे. दुप्पट जाडीचा कण चौपट वेगाने खाली जातो. या नियमाने हिशेब केला असता २० मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका, सिमेंटचा एकटा कण स्वच्छ पाण्यात मिनिटाला सुमारे २८ मिलिमीटर खाली उतरतो. स्लरीत कणांची दाटी असल्याने प्रत्यक्ष वेग याहून पुष्कळ कमी असतो. पण स्लरी घट्ट होण्यास तासांचा अवधी लागतो आणि तेवढ्या अवधीत मंद वेगही हानी करण्यास पुरेसा होतो.

अस्थिर स्लरीचे दोन परिणाम होतात. पहिला, कण खाली बसून तळाचे सिमेंट दाट आणि वरचे पातळ होते. वरच्या भागातील सिमेंट घट्ट झाल्यावरही कमजोर व सच्छिद्र राहते. दुसरा, कणांमधून सुटलेले पाणी वर सरकून एकत्र जमते. त्यास मुक्त पाणी म्हणतात. हे पाणी जेथे साठते तेथे सिमेंट नसते, आणि अशी पाण्याची वाट सलग झाली तर वायूला व खाऱ्या पाण्याला वर येण्यास मार्ग मिळतो.

केवळ पाणी कमी घालून हा प्रश्न सुटत नाही. पाणी फार कमी केल्यास स्लरी पंपाने ढकलता येत नाही. ती वाहती राहिली पाहिजे, पण निवळता कामा नये. वाहणे आणि न निवळणे या परस्परविरुद्ध अपेक्षा एकाच वेळी पुऱ्या करण्यासाठी पूरक द्रव्यांची योजना करावी लागते.

पूरक द्रव्यांचे कार्य

यांतील सर्वांत जुने व परिचित द्रव्य म्हणजे बेंटोनाइट. ही गुजरातमधील कच्छ आणि राजस्थानातील बाडमेर भागात सापडणारी विशेष प्रकारची माती होय. तिचे पापुद्रे पाणी शोषून फुगतात आणि स्लरीत एक नाजूक जाळे तयार करतात. स्लरी ढवळली असता हे जाळे मोडते आणि ती वाहते. स्लरी स्थिर राहिली की जाळे पुन्हा सांधले जाते व कणांना आधार मिळतो. बेंटोनाइट सिमेंटच्या वजनाच्या शेकडा १ या प्रमाणात कोरडे मिसळल्यास पाणी शेकडा ५.३ ने वाढवावे लागते, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. तेलविहिरीसाठीच्या ‘जी’ वर्गातील सिमेंटास शेकडा ४४ पाणी लागते आणि त्याच्या स्लरीची घनता १.९ भरते. शेकडा ४ बेंटोनाइट घातल्यास पाणी शेकडा ६५ पर्यंत जाते आणि घनता सुमारे १.७ वर येते. वाढलेले पाणी जाळ्यात धरले गेल्याने ते सुटत नाही. मात्र पाणी वाढले तितकी घट्ट झालेल्या सिमेंटची ताकद घटते.

दुसरा वर्ग लांब साखळ्यांच्या रेणूंचा, म्हणजे बहुवारिकांचा. यांत सेल्युलोजपासून बनविलेली द्रव्ये प्रमुख आहेत. हिंगोलीसारख्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यास एक गोष्ट ठाऊक असावी. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू आणि लाकडाचा लगदा हीच या द्रव्यांची मूळ सामग्री होय. ही द्रव्ये पाणी दाट करतात आणि स्लरीतील पाणी सच्छिद्र खडकात झिरपून जाऊ नये यासाठीही उपयोगी पडतात. जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार केलेले वेलान व डायुटान हे डिंक अगदी अल्प प्रमाणातही कण तरंगते ठेवतात. तापमान वाढले असता सेल्युलोजची द्रव्ये पातळ होतात. पृष्ठभागावर स्थिर दिसणारी स्लरी तळाच्या उष्णतेत निवळू लागते ती यामुळेच. अशा ठिकाणी हे डिंक अधिक टिकाऊ ठरतात.

तिसरा वर्ग विलग करणाऱ्या, म्हणजे कणांची गुठळी मोडणाऱ्या द्रव्यांचा. त्यांच्या योगाने स्लरी सहज वाहू लागते आणि पंपावरील दाब कमी होतो. परंतु हेच द्रव्य प्रमाणाबाहेर गेल्यास कणांना धरून ठेवणारे जाळेच नाहीसे होते आणि स्लरी झपाट्याने निवळते.

चौथा वर्ग घट्ट होण्याचा काळ लांबविणाऱ्या द्रव्यांचा. खोल विहिरीत तापमान व दाब अधिक असल्याने सिमेंट लवकर घट्ट होते. नळीच्या अर्ध्या वाटेतच ते आवळले तर विहीर निकामी होण्याची भीती असते. म्हणून कागदाच्या लगद्याच्या उद्योगातून मिळणारी लिग्नोसल्फोनेट द्रव्ये वापरण्यात येतात. साखर हीसुद्धा अशीच मंदकारक आहे. सिमेंटच्या वजनाच्या शेकडा ०.१ एवढी साखरही घट्ट होण्याची क्रिया बरीच लांबविते. ऊस आणि साखर कारखाना असलेल्या वसमत परिसरात साखरेच्या किंवा गुळाच्या रिकाम्या पोत्यात, पिंपात सिमेंट न कालविण्याची दक्षता का घ्यावी, याचे उत्तर येथे मिळते. मंदकारक द्रव्याची दुसरी बाजू अशी की, स्लरी जितका अधिक वेळ पातळ राहील तितका निवळण्यास वाव अधिक. म्हणून मंदकारक वाढविले की कण धरणारे द्रव्यही तपासून घ्यावे लागते.

याखेरीज विशिष्ट गरजेसाठी काही द्रव्ये आहेत. दाब अधिक असेल तेथे स्लरी जड करण्यासाठी बॅराइट किंवा हेमटाइट घालतात. हे कण सिमेंटहूनही जड असल्याने अधिक वेगाने बुडतात. खडक कच्चा किंवा भेगाळ असेल तेथे स्लरी हलकी करण्यासाठी औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेतील पोकळ सूक्ष्म गोल घालतात. हे गोल उलट वर तरंगू पाहतात. तापमान सुमारे ११० अंश सेल्सिअसच्या वर जाणार असेल, तर घट्ट झालेले सिमेंट कालांतराने कमजोर होऊ नये म्हणून शेकडा ३५ ते ४० सिलिकाची पूड मिसळली जाते. वायूचे थर असतील तेथे रबराच्या चिकासारखे लॅटेक्स अथवा अतिसूक्ष्म सिलिका वापरतात, जेणेकरून घट्ट होत असलेल्या सिमेंटमधून वायूचे बुडबुडे वाट काढणार नाहीत.

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सर्व दोषांवर गुणकारी असे एकही द्रव्य नाही. प्रत्येक द्रव्य एक दोष दूर करते आणि दुसऱ्यास वाव देते. स्थिरता ही कोणत्याही एका पुडीत नसून सिमेंट, पाणी, द्रव्ये, तापमान आणि वेळ यांच्या मेळात असते. हा मेळ जमला आहे की नाही हे चाचणीनेच कळते.

तिरक्या विहिरी आणि मुंबई हाय

मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदयंत्राच्या साहाय्याने लागला आणि १९७६ च्या मे महिन्यात तेथून तेल मिळू लागले. समुद्रात प्रत्येक विहिरीसाठी स्वतंत्र मंच उभारणे परवडत नाही. म्हणून एकाच मंचावरून अनेक विहिरी निरनिराळ्या दिशांना तिरक्या खोदल्या जातात.

तिरक्या विहिरीत स्थिरतेचा प्रश्न अधिक बिकट होतो. १९२० मध्ये बॉयकॉट या वैद्यकशास्त्रज्ञाच्या असे लक्षात आले की, उभ्या नळीपेक्षा तिरक्या ठेवलेल्या नळीत रक्तातील पेशी अधिक वेगाने खाली बसतात. उभ्या नळीत कणाला तळापर्यंत सारे अंतर कापावे लागते. तिरक्या नळीत त्याला समोरच्या बाजूपर्यंतच जावयाचे असते. तेथे पोहोचलेले कण घसरत खाली जातात आणि सुटलेले पाणी वरच्या बाजूच्या कडेने चटकन वर चढते. सिमेंटच्या स्लरीतही हेच घडते. तिरक्या विहिरीत मुक्त पाणी नळीच्या वरच्या अंगास लांबच लांब चिंचोळ्या पाटासारखे साठते आणि सिमेंट घट्ट झाल्यावर तो पाट तसाच उघडा राहतो. उभ्या विहिरीत चालून जाणारी स्लरी तिरक्या विहिरीत अपुरी पडते ती यासाठी.

मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडकात आहे. चुनखडकात छिद्रे व पोकळ्या असल्याने जड स्लरी त्यांत शिरून नाहीशी होण्याचा संभव असतो. म्हणून स्लरी हलकी हवी, तिचे पाणी खडकात झिरपता कामा नये आणि तिरक्या पोकळीतही ती निवळता कामा नये, अशा तिन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. खोदकाम व सिमेंटकामाच्या संशोधनासाठी तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची एक संस्था देहरादून येथे कार्यरत आहे.

चाचण्यांची रीत

मुक्त पाण्याची चाचणी अगदी साधी आहे. प्रथम स्लरी विहिरीत अपेक्षित असलेल्या तापमानात काही वेळ फिरविली जाते. नंतर ती २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात ओतून, हादरा न बसेल अशा ठिकाणी दोन तास ठेवतात. वर जमलेले पाणी मोजून त्याची टक्केवारी काढतात. तिरक्या विहिरीसाठी मोजपात्र ४५ अंशांत कलते ठेवण्याची रीत आहे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकानुसार ‘जी’ वर्गाच्या नुसत्या सिमेंटमध्ये हे पाणी शेकडा ५.९ हून अधिक असू नये. हा निकष कारखान्यातील सिमेंटसाठी आहे. तिरक्या किंवा वायूच्या विहिरीत पूरक द्रव्ये घालून तयार केलेल्या स्लरीत ते शून्यावर आणण्याचा प्रयत्न केला जातो. भारतात तेलविहिरीच्या सिमेंटसाठी भारतीय मानक ८२२९ लागू आहे.

दुसऱ्या चाचणीत स्लरी उभ्या नळीत तापमान व दाब देऊन घट्ट होऊ देतात. नंतर त्या सिमेंटच्या कांडीचे तुकडे करून प्रत्येकाची घनता मोजतात. वरच्या व खालच्या तुकड्यांच्या घनतेत फरक आढळल्यास कण खाली बसले असे निश्चित होते. मुक्त पाणी मुळीच न सुटताही कण खाली बसलेले असू शकतात. म्हणून पहिल्या चाचणीत उत्तीर्ण झालेली स्लरी दुसऱ्या चाचणीतही पारखली जाते.

याशिवाय खडकात किती पाणी झिरपेल आणि स्लरी किती वेळ पंपाने ढकलण्याजोगी राहील, याच्याही चाचण्या होतात. त्या सर्व प्रत्यक्ष कामावर येणाऱ्या सिमेंटच्याच पोत्यातील नमुना आणि तेथीलच पाणी घेऊन केल्या जातात. पाण्यातील क्षार बदलले की द्रव्यांचे वर्तनही बदलते. गोड्या पाण्यात उत्तम फुगणारे बेंटोनाइट खाऱ्या पाण्यात फारसे फुगत नाही, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

मेक्सिकोच्या आखातातील धडा

चाचणीकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते याचे दुःखद उदाहरण २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात घडले. सुमारे १,५०० मीटर खोल पाण्यात खोदलेल्या मकोन्डो विहिरीतून वायू उसळला, ‘डीपवॉटर होरायझन’ या खोदयंत्राला आग लागली आणि ११ कामगार मृत्युमुखी पडले. तेलाचा प्रवाह थोपविण्यास ८७ दिवस लागले.

या विहिरीच्या तळाशी नायट्रोजन वायूचे बुडबुडे मिसळून हलके केलेले सिमेंट भरण्यात आले होते. अशा फेसाळ स्लरीत बुडबुडे एकसारखे विखुरलेले राहणे हीच स्थिरता असते. ते एकत्र आल्यास सिमेंटमध्ये पोकळ्या निर्माण होतात. अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने तशाच घटकांपासून बनविलेल्या स्लरीच्या चाचण्या करविल्या, तेव्हा ती अस्थिर असल्याचे दिसून आले. सिमेंट भरण्यापूर्वी झालेल्या काही चाचण्यांतही अस्थिरतेची चिन्हे दिसली होती, पण त्यांवरून काम थांबविण्यात आले नाही, असेही आयोगाच्या निदर्शनास आले. अपघातास इतरही चुका कारणीभूत होत्या. तथापि तळाच्या सिमेंटने वायू अडविला नाही, हा त्या साखळीतील पहिला दुवा ठरला.

बेसॉल्टच्या प्रदेशात

मराठवाड्याच्या बेसॉल्टमध्येही खोल छिद्रे पाडण्यात आली आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे ६१७ मीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात ३३८ मीटरवर बेसॉल्टचा थर संपून पुढे जुना खडक लागला. सातारा जिल्ह्यात कोयना परिसरात गोठणे येथे भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रात बेसॉल्टची जाडी १,२४७ मीटर भरली. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक बनला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, वरचा भाग सच्छिद्र असतो आणि दोन थरांमध्ये कोठे कोठे लाल मातीची पट्टी आढळते. पाणी साठते ते या सच्छिद्र भागात, भेगांत आणि वरच्या मुरमात.

अशा भेगाळ खडकावर धरण बांधताना पायातील फटी बंद करण्यासाठी सिमेंटची पातळ स्लरी दाबाने भरण्याची पद्धत आहे. तिला ग्राउटिंग म्हणतात. पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर ही धरणे या परिसराच्या शेतीचा आधार आहेत. त्यामुळे धरण व पाया हे शब्द येथील शेतकऱ्यास अपरिचित नाहीत. ग्राउटिंगच्या शास्त्रातही स्थिरतेची तीच कसोटी आहे. दोन तासांत शेकडा ५ हून कमी पाणी सुटणाऱ्या स्लरीस स्थिर मानले जाते. फार पातळ स्लरी फटीत दूरवर जाते खरी, पण तेथे निवळल्यावर फटीच्या तळाशी सिमेंटचा पातळ थर बसतो आणि वरचा भाग रिकामाच राहतो.

विंधन विहिरीचा प्रश्न मात्र घराच्या अंगणाशी येऊन भिडतो. विहिरीच्या वरच्या काही मीटरांत माती व मुरूम असतो. तो ढासळू नये म्हणून केसिंग नळी घट्ट खडकापर्यंत उतरविली जाते. नळीभोवतीची पोकळी नुसती मुरूम-मातीने भरली, तर पावसाचे पाणी, उकिरड्याचा व सांडपाण्याचा निचरा त्या वाटेने थेट खाली उतरतो. मातीच्या थरांतून गाळून न येता तो पिण्याच्या पाण्यात मिसळतो. नळी पक्की, हातपंप नवा आणि तरी पाणी दूषित, याचे एक कारण नळीमागच्या या वाटेत असू शकते. विंधन विहिरींसंबंधीच्या भारतीय मानक २८०० मध्ये ही पोकळी बंद करण्याची तरतूद आहे.

या कामास महागडी द्रव्ये लागत नाहीत. हिशेबासाठी २५० मिलिमीटर व्यासाचे छिद्र, १८० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी आणि १० मीटर खोली धरू. नळीभोवतीची पोकळी सुमारे २३६ लिटर भरते. ५० किलोग्रॅमच्या एका पोत्यात २५ लिटर पाणी घातल्यास सुमारे ४१ लिटर स्लरी होते. म्हणजे सहा पोती सिमेंट पुरते. पोत्यामागे १ किलोग्रॅम बेंटोनाइट मिसळल्यास पाणी सुमारे ५ लिटर वाढवावे. त्याने स्लरी निवळण्यास आळा बसतो आणि तिचे आकारमानही थोडे वाढते. स्लरी वरून ओतू नये. बारीक नळी तळापर्यंत सोडून तळापासून वर भरत आणावी, म्हणजे मध्ये हवा किंवा पाणी अडकत नाही. छिद्र नळीपेक्षा पुरेसे मोठे नसेल तर ही बारीक नळी उतरत नाही आणि सिमेंटही सर्व बाजूंनी पसरत नाही. म्हणून छिद्राचा व्यास आरंभीच ठरविला पाहिजे. भरल्यानंतर निदान २४ तास पुढील खोदकाम करू नये.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ अन्वये ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीस खोल विहीर समजून तिच्यावर निर्बंध घालण्यात आले आहेत. खोल थरातील पाणी हळूहळू साठलेले असते आणि एकदा दूषित झाल्यास ते सहजासहजी शुद्ध होत नाही. ज्या विहिरी घेतल्या जातील त्यांची वरची पोकळी बंद असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शाळेत करता येणारा प्रयोग

मुक्त पाण्याची चाचणी कोणत्याही माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत करून दाखविता येते. २५० मिलिलिटरची तीन सारखी मोजपात्रे किंवा काचेच्या उंच बाटल्या घ्याव्यात. ४०० ग्रॅम सिमेंट व २४० मिलिलिटर पाणी हे प्रमाण ठेवून पुरेशी स्लरी तयार करावी. पहिले पात्र या स्लरीने भरून उभे ठेवावे. दुसरे त्याच स्लरीने भरून ४५ अंशांत कलते ठेवावे. तिसऱ्यासाठी ४०० ग्रॅम सिमेंटमागे ८ ग्रॅम बेंटोनाइट आधी मिसळून, पाणी तेवढेच ठेवून स्लरी करावी. दोन तासांनी प्रत्येक पात्रातील वरचे पाणी मोजावे. बेंटोनाइट असलेल्या पात्रात पाणी कमी सुटल्याचे आणि कलत्या पात्रात ते वरच्या अंगाने गोळा झाल्याचे विद्यार्थ्यांस दिसेल. ओले सिमेंट त्वचेस व डोळ्यांस अपायकारक असल्याने हातमोजे वापरावेत आणि स्लरी घट्ट होण्यापूर्वी पात्रे रिकामी करून धुवावीत. हे पाणी नाली किंवा मोरीत ओतू नये.

मुंबई हायच्या मंचावरील अभियंता आणि गावच्या विंधन विहिरीवर देखरेख करणारा ग्रामपंचायतीचा सदस्य यांच्या कामाचा व्याप भिन्न आहे. परंतु नळीमागचे सिमेंट दोघांनाही दिसत नाही आणि एकदा घट्ट झाल्यावर बदलता येत नाही. म्हणून सार्वजनिक विंधन विहीर घेताना छिद्राचा व्यास, नळीची खोली, वापरलेली सिमेंटची पोती, पाण्याचे प्रमाण, सिमेंट भरल्याची वेळ आणि पुढील काम सुरू केल्याची वेळ या सहा बाबींची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवणे हितावह होईल. पुढे कधी त्या विहिरीचे पाणी बिघडले, तर कारणाचा शोध या नोंदींपासून सुरू करता येईल.